दोन नद्यांच्या वाटेने समुद्राकडे : बेळगाव, गणेशगुडी, कारवार, गोकर्ण आणि परत

बेळगाव आणि खानापूरच्या लोकांना समुद्र लांब नाही. जांबोटीवरून कणकुंबी गाठली की पलीकडचा चोर्ला घाट थेट गोव्यात उतरतो, आणि सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पणजीत असतो. बहुतेक कुटुंबे याच वाटेने जातात आणि याच वाटेने परततात. या लेखात सांगितलेला मार्ग त्याहून बराच लांबचा आहे. तो खानापूर, लोंढा आणि रामनगरवरून काळी नदीच्या खोऱ्यात शिरतो, तिच्या सोबतीने अणशी घाट उतरून कारवारला पोहोचतो, तेथून किनाऱ्याने गोकर्णापर्यंत जातो आणि परतताना बेडती नदीच्या खोऱ्यातून अरबैल घाट चढून यल्लापूर, हल्याळ, नंदगड या मार्गाने पुन्हा खानापुरात येतो. बाजूच्या फेऱ्या धरून हे सुमारे ५५० किलोमीटर होतात आणि त्यासाठी चार दिवस लागतात. तीन दिवसांत हा प्रवास करता येतो, परंतु मग मोटारीच्या काचेतून दिसेल तेवढेच पाहायला मिळते.

या प्रवासाचे नियोजन एका प्रश्नापासून सुरू करावे : घाट किती वाजता ओलांडायचा? आपल्याकडे नियोजन उलट्या क्रमाने होते. आधी मुक्कामाची खोली ठरते, मग जेवणाची जागा ठरते आणि घाट ज्या वेळी येईल त्या वेळी येतो. काही वर्षांपूर्वी आम्हीही तेच केले. कारवारला खोली ठरवून आगाऊ पैसे भरले होते, घरातून निघायला अकरा वाजले, सुपा धरणापाशी मुले रमली आणि अणशीच्या माथ्यावर पोहोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. त्यात धुके उतरले. तिसऱ्या की चौथ्या वळणावर गव्यांचा कळप पिलांसह रस्त्यात उभा होता. दिवे मंद करून, काचा वर करून आम्ही पाऊण तास जागेवर थांबलो. मागच्या आसनावर बसलेले अण्णा त्या पाऊण तासात एक शब्दही बोलले नाहीत. खाली कद्राला पोहोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास गाडीत भरला होता. कोणाला इजा झाली नाही, पण तेव्हापासून आमच्या घरी प्रवासाच्या कागदावर पहिली ओळ घाटाच्या वेळेची असते आणि मुक्काम त्या वेळेच्या मागून ठरतो.

ऋतू कोणता निवडावा

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ या मार्गासाठी उत्तम आहे. पाऊस संपलेला असतो, धबधब्यांना पाणी असते, खानापूर आणि हल्याळकडे भातकापणी चालू असते आणि किनाऱ्यावरची हवा सुसह्य असते. मात्र याच सुगीच्या दिवसांत हत्तींचे कळप जंगलातून भाताकडे येतात, म्हणून हल्याळ-खानापूर पट्ट्यातून अंधारात जाऊ नये आणि दिवसाही वाटेतल्या गावांत कालची खबर विचारून पुढे जावे.

मार्च ते मे या काळात किनारा तापतो आणि घाम थांबत नाही. जंगल रुक्ष दिसते, पण पाणवठ्यांवर प्राणी दिसण्याची शक्यता वाढते. डिसेंबरपासून मेपर्यंतच्या कोरड्या महिन्यांत माकडतापाची काळजी घ्यावी लागते. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा आजार गोचिडांमुळे पसरतो. उत्तर कन्नड, गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग या सर्व भागांत त्याचे रुग्ण आढळलेले आहेत. त्यामुळे पालापाचोळ्यात बसू नये, पाय झाकणारे कपडे घालावेत, मेलेल्या माकडाच्या जवळपास फिरकू नये आणि संध्याकाळी मुलांचे पाय, काखा व केसांच्या कडा तपासाव्यात. परतल्यावर आठवड्याभरात तीव्र ताप आला, तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आवर्जून सांगावे.

पावसाळ्यात हा प्रवास करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अणशी घाट दरडी कोसळून वारंवार बंद राहिलेला आहे. किनाऱ्याच्या महामार्गावर अंकोल्याजवळ शिरूर येथे १६ जुलै २०२४ रोजी कोसळलेल्या दरडीने रस्त्याकडेचे चहाचे दुकान आणि थांबलेली वाहने गंगावळी नदीत लोटली आणि अनेकांचे जीव गेले. शिवाय १ जून ते ३१ जुलै हा पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ असतो, त्यामुळे ज्यासाठी आपण कारवारला उत्सुकतेने जातो ते ताजे मासेही त्या दिवसांत फारसे मिळत नाहीत. पावसाळ्यातच जंगल पाहायचे असेल, तर चंदगडवरून आंबोलीपर्यंत एका दिवसात जाऊन यावे. तेथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पावसाचे म्हणून जे पाहायचे ते सारे तेथे पाहायला मिळते. त्यासाठी शनिवार-रविवार मात्र टाळावा.

गाडीची तयारी

घाटरस्त्यासाठी सर्वांत आधी ब्रेक तपासावेत. पॅड किती उरले आहेत, हे निघण्याच्या आदल्या दिवशी न पाहता आठवडाभर आधी गॅरेजमध्ये नेऊन पाहावे, म्हणजे बदलायची वेळ आली तर हाताशी अवकाश राहतो. कूलंटची पातळी, टायरची नक्षी, स्टेपनीतील हवा, जॅक आणि पाना या गोष्टी स्वतः हात लावून तपासाव्यात. स्टेपनीत हवा नसल्याचे बहुतेकांना पंक्चर झाल्यावरच समजते. वायपरचे रबर ऋतू कोणताही असला तरी चांगले हवे, कारण धुक्याचे थेंब पुसण्यासाठीही ते लागते.

लिटरला १५ किलोमीटरचा हिशेब धरला तर संपूर्ण प्रवासाला ३६ ते ३७ लिटर इंधन लागते. घाटाच्या चढासाठी आणखी पाच लिटर धरावे. बेळगाव किंवा खानापूर येथे टाकी पूर्ण भरावी. जोयड्याच्या पुढे कद्रा उतरेपर्यंतच्या पट्ट्यात इंधन मिळेल, या भरवशावर राहू नये. विजेवर चालणारी गाडी असेल, तर जंगलातील टप्प्यासाठी चार्जिंग घरूनच पूर्ण करून निघावे आणि गणेशगुडीच्या मुक्कामाच्या ठिकाणी रात्रभर गाडी लावता येईल का, हे खोली ठरवतानाच विचारून घ्यावे.

कागदपत्रांत आरसी, विमा, पीयूसी आणि परवाना हवाच. महामार्गावरील टोलसाठी फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम ठेवावी, कारण जाताना खानापूरच्या अलीकडे गणेबैलला आणि किनाऱ्यावर अंकोल्याजवळ हट्टीकेरीला टोलनाके आहेत. रोख रक्कमही जवळ असावी. जोयडा ते अणशी या पट्ट्यात मोबाइलला रेंज नसते आणि रेंज नसली की फोनवरून पैसे देणे थांबते. याच कारणासाठी नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा आणि गावांची नावे क्रमाने एका कागदावर लिहून चालकाशेजारी बसणाऱ्याकडे द्यावीत : खानापूर, लोंढा, रामनगर, जगलबेट, गणेशगुडी, जोयडा, कुंभारवाडा, अणशी, कद्रा, कारवार. जोयड्यापर्यंत मराठी आणि कोकणी सर्वत्र चालते, कारवारला कोकणी चालते, अंकोल्यापासून पुढे कन्नड अधिक उपयोगी पडते. कोल्हापूर किंवा पुण्याहून आलेले पाहुणे गाडी चालवत असतील, तर ‘मुंदे रस्ते चेन्नागिदेया?’ म्हणजे ‘पुढचा रस्ता चांगला आहे का?’ एवढे एक वाक्य त्यांच्याकडून पाठ करून घ्यावे. रस्त्याची जी माहिती नकाशा देत नाही ती समोरून आलेला ट्रकचालक देतो.

पहिला दिवस : मलप्रभा ओलांडून काळीच्या खोऱ्यात

निपाणी, चिकोडी किंवा संकेश्वरहून येणाऱ्यांनी आदल्या रात्री बेळगावात मुक्काम करावा, म्हणजे सकाळी सातला निघता येते. खानापूर सुमारे २६ किलोमीटरवर आहे आणि तेथपर्यंतचा रुंद रस्ता अर्ध्या-पाऊण तासात संपतो. नाश्ता खानापुरातच करून घ्यावा. वेळ हाताशी असेल तर मलप्रभेकाठच्या असोग्याला जाऊन यावे. कणकुंबीला उगम पावणारी ही नदी येथून पूर्वेकडे वळून कृष्णेकडे जाते, आणि याच तालुक्यातून निघणारी म्हादई मात्र पश्चिमेकडे गोव्यात उतरते. एकाच डोंगरावर पडलेले पाणी दोन समुद्रांना जाते, ही गोष्ट मुलांना नकाशावर दाखवण्यापेक्षा नदीच्या काठावर उभे राहून सांगितली की लक्षात राहते.

लोंढ्याच्या पुढे झाडी दाट होते आणि रस्त्याचा वेग उतरतो. हाच रस्ता पुढे अनमोडवरून गोव्यात जातो, त्यामुळे त्यावर अवजड वाहने असतात आणि ओव्हरटेक करण्याचा मोह आवरावा लागतो. रामनगरला हा महामार्ग सोडून जगलबेटच्या दिशेने वळावे. रामनगर हे गाव सुपा धरणात बुडालेल्या सुप्याच्या विस्थापितांसाठी वसवलेले आहे. पुढे गणेशगुडीला जे विस्तीर्ण पाणी दिसते, त्याच्या तळाशी एका गावाची घरे आणि शेते आहेत, हे ठाऊक असले म्हणजे त्या पाण्याकडे पाहण्याची नजर बदलते. काळी नदीवरील हे धरण सुमारे १०१ मीटर उंचीचे आहे.

दूधसागर धबधब्याचा विचार याच ठिकाणी बऱ्याच जणांच्या मनात येतो, कारण त्या लोहमार्गावरील कॅसलरॉक स्थानक येथून जवळ आहे. ३१० मीटर उंचीचा हा धबधबा पाहण्यासाठी लोहमार्गावरून चालत जाण्यास मनाई आहे, आणि ती योग्यही आहे, कारण त्या बोगद्यांत गाडी आली तर बाजूला उभे राहायला जागा नसते. दूधसागरला गोव्यातील कुळे येथून परवानाधारक जीपने जाता येते. तो स्वतंत्र दिवसाचा कार्यक्रम आहे. या प्रवासात तो कोंबू नये.

मुक्काम दांडेली शहरापेक्षा गणेशगुडी किंवा जोयड्याच्या परिसरात करावा, असे मी सुचवेन. दुसऱ्या दिवशी सकाळी अणशीच्या दिशेने निघताना त्यामुळे तासभर वाचतो, आणि पहाटे पक्षी पाहण्यासाठी कोठेही जावे लागत नाही. या भागात कुणबी कुटुंबांची घरगुती निवासस्थाने आहेत, आणि राज्य सरकारच्या जंगल लॉजेसचे ओल्ड मॅगझिन हाऊस पक्षीनिरीक्षकांमध्ये प्रसिद्ध आहे. धनेश पक्षी येथे हमखास दिसतो. त्याच्या पंखांचा आवाज आधी ऐकू येतो आणि पक्षी मागून दिसतो, म्हणून मुलांना पहाटे गप्प बसायला सांगावे.

काळी नदीतील राफ्टिंग हे दांडेलीचे मोठे आकर्षण आहे. ते धरणाच्या वीजगृहातून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असते. पाणी सोडलेले नसेल तर नदीत राफ्ट चालवण्याइतका प्रवाह राहत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या दिवशी पाणी सुटणार आहे का, लाइफ जॅकेट आणि शिरस्त्राण प्रत्येकाला मिळणार आहे का, आणि एका राफ्टमध्ये किती माणसे बसवणार, हे तिन्ही प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर तेथून निघून जावे.

दुसरा दिवस : अणशी घाट

सकाळी सातला निघून जोयडा आणि कुंभारवाड्यावरून नऊ-साडेनऊच्या सुमारास घाटाच्या माथ्यावर पोहोचावे. त्या वेळी धुके विरळ झालेले असते, खालून येणारी वाहने कमी असतात आणि उतरून कारवारला जेवणाच्या वेळी पोहोचता येते. ज्यांना उळवीला लिंगायत संत चन्नबसवण्णांच्या समाधीचे दर्शन घ्यायचे असेल, त्यांनी कुंभारवाड्याजवळून फाटा धरावा. मात्र त्या दिवशी पहाटेच निघावे, म्हणजे घाटाची वेळ फार पुढे सरकत नाही.

हा रस्ता काळी व्याघ्र प्रकल्पातून जातो. २००७ साली दांडेली-अणशी या नावाने घोषित झालेल्या या प्रकल्पाला २०१५ साली नदीचे नाव मिळाले. वनखात्याच्या नाक्यावर थांबावे लागले तर तक्रार करू नये. उलट पुढचा रस्ता, दरड आणि प्राणी यांची चौकशी तेथेच करावी. नाका ओलांडल्यावर गाडीतून उतरणे, मोठ्याने गाणी लावणे आणि माकडांना खायला घालणे या तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. माणसाच्या हातून खायला शिकलेले माकड रस्त्यावर येऊन बसते आणि पुढच्या एखाद्या गाडीखाली मरते. हे मी या घाटात डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते विसरता येत नाही. आपल्या गाडीतून वेफर्सचे रिकामे पाकीटही बाहेर जाणार नाही, याची जबाबदारी घरातल्या एका व्यक्तीकडे सोपवावी, म्हणजे ती पाळली जाते.

घाट उतरण्याची रीत येथे सविस्तर सांगतो, कारण अनेक वर्षे गाडी चालवणाऱ्यांचीही येथे चूक होते. ज्या गिअरमध्ये गाडी तो चढ चढेल त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. म्हणजे बहुतेक ठिकाणी दुसरा गिअर आणि हेअरपिन वळणावर प्रसंगी पहिला. इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. ब्रेकवर पाय सतत ठेवून उतरल्यास पॅड तापतात आणि तापलेले पॅड ऐन वळणावर धरत नाहीत. म्हणून ब्रेक थोडा दाबावा, वेग उतरला की सोडावा आणि गरजेप्रमाणे पुन्हा दाबावा. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा इंजिन बंद करणे हा जीवघेणा प्रकार आहे. इंजिन बंद झाले की ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत थांबते आणि दोन्ही जड होतात. ऑटोमॅटिक गाडीत खालच्या गिअरची किंवा हाताने गिअर बदलण्याची सोय असते. ती कशी वापरायची, हे घरच्या अंगणात शिकून मगच घाटात यावे.

ब्रेकचा जळका वास आला, तर वळणावर न थांबता रुंद जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी, चाकांना दगड लावावेत आणि वीस-पंचवीस मिनिटे थांबावे. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नये. डिस्क वाकडी होते. अरुंद जागी समोरासमोर आल्यास चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हा नियमही आहे आणि घाटातील जुना शिष्टाचारही. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा, परंतु प्राणी समोर असेल तेव्हा हॉर्न अजिबात वाजवू नये. गवा हा अंगाने मोठा आणि स्वभावाने भित्रा प्राणी आहे; तो बिथरला की कोठे धावेल, हे त्यालाही ठाऊक नसते. दिवे मंद करून अंतर राखावे आणि कळपातले शेवटचे पिलू रस्ता ओलांडेपर्यंत थांबावे. धुक्यात दिव्यांचा खालचा झोत वापरावा. वरचा झोत धुक्यावरून परत फिरतो आणि चालकाचे डोळे दिपवतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवण्याची अलीकडे पडलेली सवयही सोडावी, कारण मग आपण कोणत्या बाजूला वळणार, हे मागच्याला कळत नाही.

ज्यांना वळणांवर मळमळते, त्यांना पुढच्या आसनावर बसवावे. रिकाम्या पोटी घाट उतरू नये आणि पोटभर खाऊनही उतरू नये. मुलांच्या हातातील मोबाइल घाट संपेपर्यंत काढून घ्यावा.

खाली कद्राचे धरण आणि त्या बाजूला कैगाचे अणुवीज केंद्र आहे. त्या परिसरात थांबून छायाचित्रे काढू नयेत. कद्रानंतर रस्ता सपाट होतो, हवा दमट होते, नारळीच्या बागा सुरू होतात आणि काळी नदी पात्र रुंदावत समुद्राकडे जाऊ लागते.

कारवार

कारवारला दुपारच्या जेवणाला पोहोचणे हा या दिवसाच्या वेळापत्रकाचा हेतू आहे. तिरफळ घातलेले बांगड्याचे हुमण म्हणजे कालवण, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, आणि इसवण म्हणजे आपली सुरमई, हे येथले खाणे. जेवण मागवताना त्या दिवशी बाजारात काय आले आहे, हे विचारून तेच घ्यावे. शाकाहारी मंडळींसाठी उडुपी पद्धतीची उपाहारगृहे आहेत.

सायंकाळी सदाशिवगडावर जावे. सोंद्याच्या राजांनी उभारलेल्या या किल्ल्यावरून काळी नदी समुद्राला मिळताना दिसते, आणि जी नदी आपण काल धरणाच्या भिंतीमागे पाहिली तिचा शेवट डोळ्यांसमोर असतो. खालचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर कोसळला आणि एक ट्रक नदीत पडला. त्यानंतर वाहतूक शेजारच्या नव्या पुलावरून वळवण्यात आली. शहरातील किनाऱ्याला रवींद्रनाथ ठाकूर यांचे नाव आहे. थोरले बंधू सत्येंद्रनाथ येथे न्यायाधीश असताना तरुण रवींद्रनाथ कारवारला राहिले होते. त्याच किनाऱ्यावर नौदलाची जुनी क्षेपणास्त्र नौका ‘चपळ’ संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे आणि मुलांना ती फार आवडते.

तिसरा दिवस : अंकोला, गोकर्ण आणि अघनाशिनीचा काठ

हा दिवस सपाटीचा असल्याने निवांत निघावे. कारवार ते अंकोला सुमारे ३५ किलोमीटरचा रस्ता रुंद आणि वेगाचा आहे, आणि या चार दिवसांत भरधाव जाण्याचा मोह येथेच होतो. अंकोल्यानंतर गंगावळीच्या काठाने जाताना डोंगर कापून रुंद केलेले उभे कडे डाव्या हाताला लागतात; त्यांच्या पायथ्याशी चहासाठी, फोनसाठी किंवा छायाचित्रासाठी गाडी थांबवू नये. शिरूरला जे घडले ते पावसाळ्यात घडले हे खरे, पण कापलेल्या कड्याखाली न थांबण्याची सवय बाराही महिने असावी.

गोकर्णात मोटार गावाबाहेरच्या वाहनतळावर ठेवून चालत जावे, कारण रथबीदी म्हणजे मंदिराच्या रथाच्या रस्त्याच्या आजूबाजूचे रस्ते अरुंद आहेत. महाबळेश्वराच्या दर्शनासाठी पुरुषांना सदरा उतरवून, शक्यतो धोतर किंवा लुंगी नेसून जावे लागते. ते घरूनच घेऊन निघावे. दुपारी दर्शन बंद असते, म्हणून सकाळी अकराच्या आत मंदिर गाठावे आणि उन्हाची वेळ जेवण व विश्रांतीसाठी ठेवावी. घरातील कोणाचे धार्मिक विधी करायचे असतील, तर उपाध्यायांशी आधी बोलून दक्षिणा आणि साहित्याचा खर्च ठरवून घ्यावा.

ओम, कुडले आणि हाफ मून या किनाऱ्यांवर खडक आणि खेचणारे प्रवाह दोन्ही आहेत. लाल निशाण असेल तेथे पाण्यात उतरू नये. प्रवाहाने आत ओढले तर किनाऱ्याकडे सरळ पोहण्याची धडपड करू नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या पट्ट्यातून बाहेर पडावे आणि मग काठाकडे वळावे. आपण घाटमाथ्यावरची माणसे नदीत आणि विहिरीत पोहायला शिकलेलो असतो आणि समुद्राच्या बाबतीत तीच सवय अंगाशी येते. वाळूत मोटार उतरवू नये. भरती आली की ती निघत नाही आणि खाऱ्या पाण्याने तिचे आयुष्य संपते.

दुपारनंतर दोन पर्याय आहेत. पहिला मिरजानच्या किल्ल्याचा. जांभ्या दगडाचा हा किल्ला अघनाशिनी नदीच्या परिसरात आहे आणि मिरीच्या व्यापारामुळे पोर्तुगीजांनी जिला मिरीची राणी म्हटले त्या गेरसोप्प्याच्या चन्नभैरादेवीशी त्याचे नाव जोडलेले आहे. दुसरा पर्याय याण्याचा; तेथील भैरवेश्वर शिखर १२० मीटर आणि मोहिनी शिखर ९० मीटर उंच असून काळ्या खडकांचे ते सुळके जंगलातून एकदम वर येतात. याणा कुमठ्याकडून आत डोंगरात आहे, तेथे चालणे आणि पायऱ्या चढणे आहे आणि अर्धा दिवस सहज जातो. सोबत वडीलधारी मंडळी असतील तर मिरजान निवडावे आणि उरलेल्या वेळात सानिकट्ट्याची मिठागरे पाहावीत. मुले मोठी असतील तर याणा. दोन्ही एका दुपारी करू नयेत, कारण चौथ्या दिवशी पहाटे उठायचे आहे.

चौथा दिवस : अरबैल घाट आणि घराची वाट

साडेसहाला गोकर्ण सोडावे. अंकोल्यावरून हुबळीच्या महामार्गाला लागले की तासाभरात अरबैल घाटाचा चढ येतो. हा घाट अणशीपेक्षा रुंद आहे, पण त्यावर मालवाहू ट्रकांची रांग असते आणि उशीर झाला तर एका बंद पडलेल्या ट्रकमागे दोन तास जातात. चढताना वातानुकूलन बंद ठेवले आणि इंजिनच्या तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवले तर जुन्या गाडीलाही त्रास होत नाही. काटा वर सरकू लागला तर थांबून बॉनेट उघडावे, मात्र गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

यल्लापूरहून मागोड धबधबा जवळ आहे. येथे बेडती नदी दोन टप्प्यांत सुमारे २०० मीटर खाली कोसळते आणि पुढे हीच गंगावळी होऊन अंकोल्याजवळ समुद्राला मिळते. ज्या नदीच्या मुखाकडून आपण सकाळी निघालो तिची ही वरची उडी आहे. धबधबा समोरच्या कड्यावरील कठड्यापासून पाहायचा असतो. खाली उतरण्याचा प्रयत्न करू नये.

यल्लापूरपासून भगवतीमार्गे हल्याळ आणि पुढे नंदगडवरून खानापूर, असा राज्य महामार्ग आहे. तो साग आणि भाताच्या शेतांमधून जातो आणि वाहतूक कमी असते. या पट्ट्यात सिद्दी समाजाच्या वस्त्या आहेत. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले अशा या लोकांच्या घरासमोर गाडी थांबवून न विचारता छायाचित्रे काढणारे पर्यटक मी पाहिले आहेत. आपल्या दारात कोणी असे केले तर आपल्याला जसे वाटेल, तसेच त्यांनाही वाटते.

उजेड असेल तर नंदगडला थांबावे. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना १८३१ साली येथे फाशी देण्यात आले आणि त्यांची समाधी येथे आहे. तेथून हलशी जवळच आहे. कदंब राजांच्या या जुन्या राजधानीतील भूवराह नरसिंहाचे मंदिर बेळगावच्या अनेकांनी अजून पाहिलेले नाही, ही मला मनापासून खंत वाटणारी गोष्ट आहे. पाच वाजून गेले असतील तर हलशी पुढच्या एखाद्या रविवारसाठी राखून सरळ घरी यावे.

एक दिवस कमी असेल तर

तीनच दिवस हातात असतील तर गोकर्ण वगळावे आणि कारवारहून काणकोण, मडगाव, पणजी, साखळी, केरी या मार्गाने चोर्ला घाट चढून कणकुंबीवरून परतावे. या घाटात दुपारनंतर धुके उतरते, म्हणून केरी दोनच्या आत सोडावी. गोव्यातून येताना अबकारी नाक्यांवर गाडी तपासली जाते. परवान्याशिवाय दारू आणू नये आणि कोणी ओळखीच्याने ‘एवढी पिशवी पोहोचवा’ म्हणून दिली तर ती उघडून पाहिल्याशिवाय गाडीत ठेवू नये.

अडचणीच्या वेळी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक लावावेत; जेथे रेंज नाही तेथे येणाऱ्या पहिल्या बसच्या वाहकाला आपली जागा सांगून निरोप पाठवावा, तो पुढच्या गावात हमखास पोहोचतो. घरी आल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी, कारण किनाऱ्यावरचा खारटपणा सायलेन्सर आणि ब्रेकच्या पाइपांना धरून राहतो, आणि त्याच वेळी चारही चाकांचे पॅड पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.